आणखी एक प्याला

मराठी वाचकासमोर 'प्याला' हा शब्द ठेवला की त्याच्या मागोमाग गडकरी येतात, आणि गडकऱ्यांच्या मागून सुधाकर, तळीराम आणि मुकाट्याने सोसणारी सिंधू. लेखक हयात नसताना, १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाने आपल्या वाङ्मयातल्या दारूला जी शिक्षा ठोठावली ती अजून उठलेली नाही. शिक्षा न्याय्यच होती, त्याबद्दल माझा वाद नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला, की आपल्या कथा-कादंबऱ्यांतल्या पेल्याला चवच उरली नाही. सुधाकराच्या प्याल्यातले पेय गोड होते की कडू, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. तो प्याला म्हणजे सर्वनाशाची खूण, आणि खुणेला कुठली आली चव? त्यानंतरच्या कितीतरी कादंबऱ्यांत खलनायक आरामखुर्चीत बसून 'पेग' घेतो. कशाचा, कशाबरोबर, तसा घ्यायला त्याला कोणी शिकवले, हे लेखक सांगत नाही आणि वाचक विचारीत नाही.

म्हणून एका परक्या कादंबरीत एक पात्र बारमध्ये बसून एका पेयाची कृती सांगू लागते, आणि तीही आपल्या आजीने लोणच्याची सांगावी तशा ठाम सुरात, तेव्हा माझ्यासारखा वाचक पान उलटायचे थांबतो. कादंबरी रेमंड चँडलर या अमेरिकन लेखकाची, 'द लाँग गुडबाय'. १९५३ साली ती प्रथम इंग्लंडात निघाली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत. पेयाचे नाव गिमलेट. दिवाळी अंक घरातली लहानथोर मंडळी फराळाची ताटली शेजारी ठेवून वाचतात, त्यात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. विषय लिहिण्याचा आहे, पिण्याचा नाही. शिवाय त्या पेल्यातला निम्मा भाग लिंबाच्या सरबताचा आहे. जिन मी चाखलेली नाही, सरबताविषयी मात्र मला थोड्या अधिकाराने बोलता येईल.

माझे म्हणणे असे, की ती कृती काढून टाकली तर ही कादंबरी उभी राहत नाही. ते पटवायचे तर आधी लिंबाची गोष्ट सांगायला हवी.

इंग्रजीत 'लेमन' आणि 'लाइम' अशी दोन फळे आहेत, आपण दोघांनाही लिंबूच म्हणतो. युरोपातले मोठे, पिवळे, जाड सालीचे ते लेमन. वेस्ट इंडीजमधले लहान, पातळ सालीचे, रसाळ ते लाइम, आणि हे लाइम म्हणजे आपण बाजारात घासाघीस करून घेतो ते कागदी लिंबू. ते मूळचे आशियातले. अरबांच्या आणि मग स्पॅनिश लोकांच्या हातून ते अटलांटिक ओलांडून गेले. लांबच्या सफरीवरचे खलाशी त्या काळी स्कर्व्हीने मरत. हिरड्या सुजून दात हलत, भरलेल्या जखमा पुन्हा उघडत. जेम्स लिंड या स्कॉटिश डॉक्टरने १७४७ साली 'सॅलिसबरी' जहाजावर १२ आजारी खलाशी निवडले, त्यांच्या ६ जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. एकीला सायडर, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचे पाणी. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी आठवड्याच्या आत हिंडूफिरू लागली. हा प्रयोग वर्गात सांगितला की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: समुद्राचे पाणी प्यायला लावलेल्या त्या दोघांचे पुढे काय झाले? इंग्रज आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडले. सिद्ध झालेली गोष्ट दप्तरातून बाहेर पडायला ४८ वर्षे लागली!

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आरमाराने लेमन सोडून आपल्याच वसाहतींतले लाइम घ्यायला सुरुवात केली. इंग्रजाला 'लाइमी' हे टोपणनाव चिकटले ते यावरून. गंमत अशी, की स्कर्व्ही रोखण्याची ताकद लाइममध्ये लेमनपेक्षा बरीच कमी असते. १८७५-७६ च्या ब्रिटिश उत्तर ध्रुव मोहिमेत जहाजांवर लाइमच्या रसाचा साठा असूनही माणसे त्याच रोगाने अंथरुणाला खिळली.

हा रस टिकवायचा कसा, हा मोठा प्रश्न होता. पिंपात रम किंवा ब्रँडी मिसळून तो टिकवीत. १८६७ साली एडिंबराजवळच्या लीथ बंदरातल्या लॉक्लन रोझ या व्यापाऱ्याने दारू न घालता रस टिकवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि साखर घातलेला रस बाटल्यांत भरून विकायला आणला. त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर खलाशांना असा रस देणे कायद्याने सक्तीचे झाले. म्हणजे 'रोझ'ची बाटली जन्माला आली ती दारूला दूर ठेवण्यासाठी. आणि आरमारातल्या अधिकाऱ्यांनी केले काय, तर त्या रसात जिन ओतली. तळीरामाला हे कळते तर त्याने आपल्या मदिरामंडळाच्या सभेत त्यांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला असता.

जिनची हकिकत लांबवीत नाही. ज्युनिपरच्या फळांचा, म्हणजे आपल्या वैद्यांच्या हपुषेचा, वास दिलेले ते मद्य. १७५१ साली विल्यम होगार्थ या चित्रकाराने 'जिन लेन' नावाचे जे चित्र काढले त्यात नशेतल्या आईच्या हातून मूल निसटून खाली पडते आहे. लंडनच्या गरीब वस्तीतली ती जिन पुढच्या शतकात आरमारी अधिकाऱ्यांच्या मेजावर जाऊन बसली. साध्या खलाशाला सरकारी रम, साहेबाला जिन, असा तो वर्णाश्रम होता.

नावाबद्दल दोन मते आहेत. थॉमस गिम्लेट नावाचे एक आरमारी डॉक्टर १८७९ साली नोकरीत दाखल झाले. अधिकाऱ्यांच्या पोटात लिंबाचा रस जावा म्हणून त्यांनी तो जिनमध्ये मिसळायला सांगितले, अशी कथा आहे. कथा गोड आहे, पण १९४३ साली ते वारले तेव्हा 'टाइम्स'च्या मृत्युलेखात या पेयाचा उल्लेखही नव्हता. दुसरे मत मला अधिक आवडते. इंग्रजीत गिमलेट म्हणजे लाकडाला भोक पाडण्याचे छोटे हत्यार. आपल्या सुतारांनी त्याच शब्दाचे गिरमिट केले. (गिरमिटिया मजुरांचे गिरमिट निराळे, ते 'अ‍ॅग्रीमेंट'मधून आले.) डोक्यात गिरमिट फिरवते ते गिमलेट, इतका सरळ तो मामला असावा. आमच्या गल्लीतला सुतार हे ऐकून म्हणाला, "मग रंध्याच्या नावाचंही काही असेल की."

कृती एका ओळीची आहे. हॅरी मॅकएल्होन या प्रसिद्ध बारवाल्याच्या १९२० च्या दशकातल्या पुस्तकात आणि लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या १९३० सालच्या संग्रहात ती सारखीच आहे: निम्मी प्लिमथची जिन आणि निम्मे रोझचे लाइम कॉर्डियल. ढवळायचे आणि द्यायचे. बर्फसुद्धा मॅकएल्होनच्या मते हवा असला तर घालावा, नसला तरी चालेल. आजच्या जिभेला हे फार गोड लागते म्हणून जाणकार जिन दुप्पट घेतात, म्हणजे ६० मिलिलिटरला ३० मिलिलिटर कॉर्डियल, आणि बर्फाबरोबर चांगले हलवून गाळतात. बर्फ वितळून पडणारे पाणी हाही कृतीचा भाग धरतात. अनेकांनी तर बाटलीच हद्दपार करून ताजे लिंबू आणि साखरेचा पाक धरला आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रोझच्या बाटलीत उसाच्या साखरेऐवजी मक्याचा पाक असतो, तेव्हा त्यांना दोष तरी काय द्यावा?

पण ताजा रस आणि बाटलीतला रस या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि हे समजायला जिनची गरज नाही. उन्हाळ्याच्या आधी लिंबे स्वस्त असताना आपल्याकडे रस काढून, साखरेचा पाक करून, बाटल्या भरून ठेवतात. श्रावणात ती बाटली उघडा. ताज्या सरबताचा तरतरीतपणा तिच्यात नसतो. सालीचा किंचित कडवटपणा, थोडी मुरलेली, थोडी शिजल्यासारखी चव असते. ती वाईट नव्हे, पण दुसरी. त्या चवीवर वाढलेल्या मुलाला ताज्या लिंबाचे सरबत दिले तर ते 'खरे' नाही असे तो म्हणेल.

नेमके हेच चँडलरच्या कादंबरीतला टेरी लेनॉक्स म्हणतो.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी आणखी एका गिमलेटची आठवण देतो. १९३६ साली प्रसिद्ध झालेली हेमिंग्वेची फ्रान्सिस मॅकोम्बरची कथा जेवणाच्या वेळेपासून सुरू होते. स्थळ पूर्व आफ्रिकेतला शिकारीचा तळ. यजमान मॅकोम्बर पाहुण्यांना विचारतो, की लिंबाचा रस घेणार की लेमन स्क्वॉश. इंग्रज शिकारी विल्सन गिमलेट मागतो, लगेच मॅकोम्बरची बायकोही गिमलेटच मागते, कारण तिला आत्ता कशाची तरी गरज आहे, आणि मग मॅकोम्बरही त्यालाच होकार देतो. तो सिंहासमोरून पळून आला आहे, हे आपल्याला नंतर कळते, पण त्याची घसरण त्या दोन वाक्यांतच सांगून झालेली असते. पोरकट सरबतावरून उडी मारून तो दुसऱ्याच्या पेल्याआड लपतो. हेमिंग्वेने गिमलेट एकदा वापरले आणि सोडून दिले. त्याचे काम तेवढेच होते.

चँडलरने ते पुस्तकभर पुरवले.

हा लेखक स्वतः निम्मा-निम्मा होता. १८८८ साली शिकागोत जन्मला, लंडनच्या डलिच कॉलेजात शिकला, १९०७ साली ब्रिटिश नागरिक झाला आणि पुढे कॅलिफोर्नियात तेलाच्या कंपनीत अधिकारी बनला. १९३२ साली ती नोकरी गेली. तिच्या जाण्यात दारूचा वाटा मोठा होता. ४५ व्या वर्षी त्याची पहिली गुप्तहेरकथा एका स्वस्त मासिकात छापून आली. 'द लाँग गुडबाय' लिहिताना घरात बायको दुखणाईत होती, १९५४ च्या डिसेंबरात ती गेली. दारू म्हणजे काय हे त्याला कोणी सांगायला नको होते. म्हणून कादंबरीत त्याने दारूचे दोन हिशेब मांडले आहेत. रॉजर वेड हा लोकप्रिय कादंबरीकार पितो तो स्वतःला पुसून टाकण्यासाठी. तो काय पितो याला चव नाही. तो आपला सुधाकर आहे. आणि दुसऱ्या बाजूला संध्याकाळी पाच वाजता, बार नुकताच उघडलेला असताना, हवा अजून स्वच्छ असताना, दोन मित्रांनी सावकाश घेतलेले एक गिमलेट आहे.

मित्र म्हणजे लॉस एंजेलिसचा खाजगी गुप्तहेर फिलिप मार्लो आणि हा टेरी लेनॉक्स. लेनॉक्स पहिल्या पानावर भेटतो तो एका क्लबबाहेर रोल्स-रॉइस गाडीत झिंगून पडलेला. केस पांढरे, चेहऱ्याच्या एका बाजूवर शस्त्रक्रियेचे व्रण, आणि नशेतही न सुटणारी अदब. त्या अदबीवर मार्लो भाळतो आणि त्याला घरी नेतो. पुढे व्हिक्टरच्या बारमध्ये लेनॉक्स त्याला समजावतो, की इथल्या लोकांना गिमलेट करताच येत नाही. ते लिंबू पिळतात, वर साखर आणि कडू थेंब घालतात. खरे गिमलेट म्हणजे निम्मी जिन, निम्मा रोझचा रस, दुसरे काहीही नाही.

हे वाचताना आपण एक चवदार तपशील म्हणून पुढे जातो. पण ताज्या फळाला खोटे आणि बाटलीला खरे म्हणणारा हा माणूस कोण आहे? त्याचे नाव त्याचे नाही. चेहरा जोडलेला आहे. इंग्रजी शिष्टाचार लढाईत इंग्रजांच्या बाजूने लढताना अंगी मुरले आहेत. तो स्वतःच टिकवून ठेवलेला रस आहे. लेखकाने हे कुठेही म्हटलेले नाही, फक्त त्याच्या तोंडी एक कृती दिली. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या आपल्या पिढीला गुप्तहेरकथेत पुरावा म्हणजे रक्ताचा डाग किंवा सिगारेटचे थोटूक एवढेच ठाऊक. इथे पुरावा पेल्यात ठेवलेला आहे आणि तो पहिल्या काही प्रकरणांतच वाचकाच्या हातात दिलेला आहे.

पुढे लेनॉक्सच्या बायकोचा खून होतो. भल्या पहाटे तो मार्लोच्या दारात उभा राहतो, आणि काही न विचारता मार्लो त्याला मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत पोहोचवतो. त्यासाठी तुरुंगात बसतो, मार खातो, तोंड उघडत नाही. मग बातमी येते, की लेनॉक्सने कबुलीजबाब लिहून आत्महत्या केली. मागून त्याचे पत्र येते, सोबत ५००० डॉलरची एक नोट. पत्रात मागणे साधे: माझ्यासाठी कॉफीचा एक कप भर, त्याच्याशेजारी एक सिगारेट पेटवून ठेव, आणि व्हिक्टरकडे जाऊन माझ्या नावाने एक गिमलेट घे. कॉफी आणि सिगारेट मार्लो त्याच रात्री करतो. आपल्याकडे गेलेल्या माणसाला पान वाढून ठेवतात, त्याहून हे फार निराळे नाही. गिमलेटला मात्र तो पुढची किती तरी प्रकरणे जात नाही. का, ते चँडलर सांगत नाही. कॉफी घरातली असते. गिमलेटसाठी त्या जागी जाऊन दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसावे लागते.

आणि मग ते प्रकरण येते ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. व्हिक्टरच्या बारमध्ये काळ्या पोशाखातली एक बाई एकटी बसली आहे, समोर फिकट हिरवट पेय. मार्लो दोन खुर्च्या सोडून बसतो आणि गिमलेट मागतो. बारवाला खूश होऊन सांगतो, की तुमचे आणि तुमच्या मित्राचे बोलणे मी ऐकले होते, म्हणून रोझची एक बाटली आणून ठेवली. पण तुम्ही परत आलाच नाहीत, आज प्रथमच ती उघडली. मार्लो एवढेच म्हणतो, की मित्र गावाला गेला.

एका माणसाच्या जाण्याचे असे वर्णन मी फार थोड्या ठिकाणी वाचले आहे. ज्याने चव सांगितली तो नाही, आणि त्या चवीची न फोडलेली बाटली फळीवर वाट पाहत होती. ती आणणारा कोण, तर ज्याला नाव नाही, ज्याचा गोष्टीशी काही संबंध नाही असा नोकर माणूस. त्याने कान देऊन ऐकले होते. आपल्याकडे एखादा कसलेला लेखकसुद्धा इथे मार्लोच्या डोळ्यांत पाणी आणून मोकळा झाला असता.

ती बाई म्हणजे खून झालेल्या बायकोची बहीण. दोघांची ओळख त्या पेयावरून होते. लिंबाचा रस म्हणजे अगदी इंग्रजी चाल, असे ती म्हणते. मला तर हे उष्ण देशातले, मलायाबियाकडचे वाटत होते, असे तो म्हणतो. लिंबाचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला हसू येईल, कारण दोघेही बरोबर आहेत.

कादंबरी निर्दोष नाही. हरवलेल्या वेडचा शोध घेताना 'व्ही' या अक्षराचे तीन डॉक्टर एकामागून एक तपासले जातात, तिथे मी जांभया दिल्या. वेडच्या बायकोचा कबुलीजबाब सोयीचा वाटतो. खुनाचा उलगडा झाल्यावरही पुस्तक बरेच पुढे चालते, आणि ज्यांना फक्त खुनी हवा असतो ते तिथेच मिटून ठेवतात. मिटू नये.

कारण शेवटी एक मेक्सिकन गृहस्थ मार्लोच्या कचेरीत येतो. काळे केस, वेगळा चेहरा, वेगळे नाव. लेनॉक्स कसा मेला याची हकिकत तो रंगवून सांगतो आणि मार्लो ती मुकाट्याने उसवत नेतो. अखेरीस पाहुण्याचा सूर बदलतो, आणि गिमलेटची वेळ व्हायला अजून जरा अवकाश आहे वाटते, अशा अर्थाचे काहीतरी तो सहज बोलून जातो. दाढीमिशा ओढून काढण्याचे काम त्या एका शब्दाने होते. त्याला वाटते, बाटली पुन्हा उघडता येईल. पण मार्लो उठत नाही, पेले काढीत नाही. पाच हजारांची नोट परत करतो. लेनॉक्सचे वागणे पूर्वीसारखेच गोड आहे, फक्त भल्या माणसांशी आणि गुंडांशी तो सारख्याच गोडीने वागू शकतो, हे मार्लोला आता कळलेले आहे. दार बंद होते आणि तो लांब जाणाऱ्या पावलांचा आवाज ऐकत बसतो.

कोणी ही कादंबरी मराठीत आणायला घेतली तर त्याला माझी एक सूचना आहे. गिमलेटला 'लिंबू पिळलेली जिन' म्हणू नये, लेनॉक्स ज्याला नावे ठेवतो ते नेमके तेच. 'गिरमिट' म्हणायचा मोह होईल, तोही आवरावा, वाचक सुतारशाळेत जाऊन पोहोचेल. शब्द आहे तसा ठेवावा, कृती पहिल्यांदा येते तिथे पूर्ण द्यावी, तळटीप देऊ नये. आणि रोझ हे नाव क्षुल्लक समजून गाळू नये. नाहीतर त्या बारवाल्याने पुढे कोणती बाटली आणून ठेवली होती, हे वाचकाला कळायचे कसे?